घरच्या पीसीचा बॅकअप आणि रॅन्समवेअर: एकच डिस्क कायम लावून ठेवली तर चालेल का?

मानपाडा_ठाणे

नमस्कार. घोडबंदर रोडला घरी एक डेस्कटॉप आहे. इंटेल आय-५, सातवी पिढी, ८ जीबी रॅम, सी ड्राइव्ह २४० जीबीची एसएसडी, डी ड्राइव्ह १ टीबीची साधी हार्डडिस्क. विंडोज १० होम. डी ड्राइव्हवर २००६ पासूनचे फोटो-व्हिडिओ, घराचे स्कॅन केलेले कागद, आईवडिलांच्या दवाखान्याच्या फाइली आणि आमच्या सोसायटीचे टॅलीतले हिशेब, असा साधारण ३१० जीबी डेटा आहे. हिशेब सोसायटीचे असल्यामुळे जबाबदारी जास्त वाटते.

सध्याची व्यवस्था अशी: १ टीबीची यूएसबी डिस्क मागच्या पोर्टला कायम लावलेली, तिच्यावर दर रविवारी कॉपी-पेस्ट. अँटिव्हायरस विंडोजचाच. घरातले चौघेही एकच लॉगिन वापरतात आणि तोच ॲडमिनिस्ट्रेटर आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिस दुकानदाराने इन्स्टॉल करून दिलेलं, पैसे न भरलेलं. यूपीएस नाही.

रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आलं तर बाहेरची डिस्क वाचेल का? विकतचा अँटिव्हायरस घ्यावा का? दहा हजारांच्या आत काय काय होईल आणि सुरुवात कुठून करावी? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

नेरूळ_सेक्टर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, वाचणार नाही. रॅन्समवेअर ए पासून झेडपर्यंत प्रत्येक ड्राइव्ह लेटर चाळतं. तुमची यूएसबी डिस्क त्याच्या दृष्टीने ई ड्राइव्ह, बस. डी कुलूपबंद झाला की त्यानंतर ई. विंडोजच्या आत साठवलेल्या जुन्या प्रती, म्हणजे शॅडो कॉपी, त्याही ते पुसून टाकतं. बॅकअप असा हवा की हल्ल्याच्या क्षणी त्याची वायर निघालेली असेल.

आपल्या परिसराशी जोडलेलं उदाहरण देतो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा विध्वंसक व्हायरस आला तेव्हा उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या, मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचं काम कोलमडलं होतं. जगभरात मर्स्कचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्या नेटवर्कची नोंदवही ठेवणारे सर्व्हर, एकामागून एक पुसले गेले. ते एकमेकांशी सतत सिंक होते, त्यामुळे एकाची प्रत दुसऱ्यावर असूनही उपयोग झाला नाही. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. घरच्या बॅकअपचं सगळं गणित यातच आहे.

म्हणून तुमच्याकडची डिस्क मागच्या पोर्टमधून काढा आणि तशीच १ टीबीची आणखी एक घ्या. दोन्हींवर मार्करने 'अ' आणि 'ब' लिहा. एका रविवारी 'अ', पुढच्या रविवारी 'ब'. काम संपलं की 'सेफली रिमूव्ह' करून कपाटात. दोन्ही एकाच वेळी पीसीला कधीही लावायच्या नाहीत. एखाद्या आठवड्यात संसर्ग लक्षात न येता डिस्क लावली गेली, तरी दुसरी शाबूत राहते.

कॉपी-पेस्ट मात्र बंद करा. ३१० जीबीत काय बदललं हे डोळ्यांनी कळत नाही, आणि 'रिप्लेस' दाबलं की बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवर बसते. फ्रीफाइलसिंक नावाचा मोफत प्रोग्रॅम वापरा. डावीकडे डी ड्राइव्ह, उजवीकडे बॅकअप डिस्क. प्रकार 'अपडेट' निवडा, 'मिरर' नको. मिररमध्ये डी ड्राइव्हवरून चुकून उडालेलं फोल्डर बॅकअपवरूनही उडतं. नंतर सेटिंगमध्ये 'व्हर्जनिंग' चालू करून त्याच डिस्कवर 'जुन्या_प्रती' असं फोल्डर दाखवा. आता बदललेल्या फाइलची आधीची प्रत तारखेसह तिथे जाते. 'सिंक्रोनाइझ' दाबण्याआधी 'कंपेअर' करून आकडा बघायची सवय लावा. एरवी आठवड्याला दोन-तीनशे फाइली बदलतात आणि आज अचानक चाळीस हजार दिसतायत, तर थांबा. डिस्क काढा आणि आधी कारण शोधा. हा आकडा फुकटात मिळणारा इशारा आहे.

टॅलीचं थोडं वेगळं. टॅली उघडं असताना डेटा फोल्डर कॉपी केलं तर प्रत अर्धवट येऊ शकते. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट + वाय, मग 'बॅकअप', ठिकाण म्हणून डी ड्राइव्हवरचं वेगळं फोल्डर. मग टॅली बंद, मग फ्रीफाइलसिंक. 'रिस्टोअर' करून बघताना मूळ डेटाचं फोल्डर कधीच देऊ नका, नाहीतर चालू हिशेबांवर जुने हिशेब बसतील. 'टॅली_चाचणी' असं रिकामं फोल्डर करून तिथे रिस्टोअर करा आणि शेवटच्या व्हाउचरची तारीख जुळते का ते बघा. हे तीन महिन्यांतून एकदा तरी कराच. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये.

तिसरी प्रत घराबाहेर हवी. २६ जुलै २००५ ला ठाणे-कल्याण पट्ट्यात तळमजल्यांत पाणी शिरलं, तेव्हा कपाटातल्या वस्तूही गेल्याच होत्या. टॅली आणि कागदपत्रं मिळून सहसा १५ जीबीच्या आत बसतात, म्हणजे गूगल ड्राइव्हच्या मोफत जागेत, जर जीमेल आणि फोटोंनी ती आधीच खाल्ली नसेल तर. फक्त सिंक करणारं ॲप लावून निर्धास्त होऊ नका, कुलूपबंद झालेल्या फाइलीही ते इमानदारीने वर चढवतं. टॅलीची बॅकअप फाइल ब्राउझरमधून, तारखेचं नाव देऊन, महिन्यातून एकदा चढवा.

---

कळवा_खारेगाव

वरच्या प्रतिसादाला +१. पण दुकानदाराने टाकलेल्या ऑफिसबद्दल कुणी बोललेलं नाही आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करायला हवी. घरगुती पीसींना खूप छळणारं स्टॉप/डीजेव्हीयू हे रॅन्समवेअरचं कुटुंब मुख्यतः क्रॅक, कीजेन आणि ॲक्टिव्हेटर, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअर चालू करून देणाऱ्या प्रोग्रॅममधूनच घरात शिरतं. असे ॲक्टिव्हेटर चालावेत म्हणून टाकणारा डिफेंडर (विंडोजचाच अँटिव्हायरस) बंद करतो किंवा आख्खा सी ड्राइव्ह तपासणीतून वगळतो. आत्ताच बघा: विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, सगळ्यात खाली 'एक्स्क्लूजन्स'. तिथे फोल्डर किंवा ड्राइव्ह दिसला तर काढून टाका. त्याच पानावर 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू असायला हवं. क्रॅकवालं ऑफिस काढून लिबरऑफिस टाका. सोसायटीची पत्रं आणि एक्सेलच्या याद्या त्यात व्यवस्थित उघडतात.

हे सगळं केलंत तर विकतच्या अँटिव्हायरसची गरज नाही, डिफेंडर पुरतो. विकतचा घेतल्यावर डिफेंडर बाजूला होतो आणि वर्षाने मुदत संपली की लोक तो तसाच ठेवतात. मुदत संपलेल्याला नव्या धोक्यांची ओळख नसते. ते पैसे दुसऱ्या डिस्कवर घाला.

लॉगिनचं काम क्रमाने करा, नाहीतर अडकाल. आधी नवीन ॲडमिनिस्ट्रेटर खातं उघडा, त्यात शिरून पासवर्ड चालतो का बघा, मगच जुनं खातं 'स्टँडर्ड' करा. मुलांना स्वतंत्र स्टँडर्ड खातं. यामुळे शॅडो कॉपी पुसणं आणि डिफेंडर बंद करणं अवघड होतं. पण एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: डी ड्राइव्हवर सहसा 'ऑथेंटिकेटेड युजर्स'ना बदल करायची परवानगी असते. म्हणजे मुलाच्या लॉगिनमधून आलेला प्रोग्रॅमही टॅलीचं फोल्डर कुलूपबंद करू शकतो. त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, 'डिसेबल इनहेरिटन्स'. विचारल्यावर परवानग्या 'कन्व्हर्ट' करा. आधी हिशेब लिहिणाऱ्याचं खातं 'मॉडिफाय'सह जोडा, मगच 'ऑथेंटिकेटेड युजर्स' आणि 'युजर्स' काढा. 'सिस्टिम' आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर्स'ना हात लावू नका.

'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' पण चालू करा, ते 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मध्ये सापडेल. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे ते आपणहून सांभाळतं, डी ड्राइव्हवरची फोल्डरं मात्र हाताने जोडावी लागतात. जोडल्यावर टॅली नोंद साठवायला नकार देऊ शकतं. घाबरून ते बंद करू नका. 'अलाऊ ॲन ॲप'मध्ये जाऊन 'रीसेंटली ब्लॉक्ड' यादीतून टॅलीला परवानगी द्या.

आता विंडोज १०. त्याचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली होती. सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते, त्यासाठी २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. ती मुदत संपल्यावर हा पीसी नेटवर चालवू नका. नॉटपेट्याने वापरलेल्या विंडोजमधल्या भोकाचं ठिगळ मार्च २०१७ मध्येच आलं होतं, हल्ला जूनमध्ये झाला.

---

मानपाडा_ठाणे

दोघांचे मनापासून आभार. एक्स्क्लूजन्समध्ये खरंच आख्खा सी ड्राइव्ह होता, आत्ताच काढला आणि पूर्ण स्कॅन लावला. दोन शंका आहेत. 'ब' डिस्क ऐरोलीला बहिणीकडे ठेवायची म्हटलं तर हरवल्यास सोसायटीचे कागद कुणाच्याही हाती पडतील, ते कसं टाळायचं? आणि प्रिंट काढायला पेनड्राइव्ह स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो, त्याचं काय?

---

वाशी_खाडीपूल

डिस्कला कुलूप: बिटलॉकरने बाहेरची डिस्क बंद करायची सोय विंडोज होममध्ये नाही, प्रो लागतं. होमवर व्हेराक्रिप्ट हा मोफत पर्याय आहे. सुरुवातीला आख्खी डिस्क एनक्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता न येणारी) करण्यापेक्षा ५० जीबीची एक 'कंटेनर' फाइल करा आणि फक्त कागद आणि हिशेब तिच्यात ठेवा. आख्खी डिस्क एनक्रिप्ट केली की विंडोज तिला ओळखत नाही आणि 'फॉरमॅट करू का?' विचारतं. घरात कुणी 'हो' म्हटलं की संपलं. पासफ्रेज पाच-सहा शब्दांचा ठेवा आणि वहीत लिहून घरीच ठेवा, डिस्कसोबत नको. तो विसरला तर दुसरा रस्ता नाही.

पेनड्राइव्ह: प्रिंटसाठी एक वेगळा, लहान ठेवा, त्यावर दुसरं काही नको. पीडीएफ न्यायची, परत आल्यावर न उघडता फॉरमॅट. दुकानातल्या पीसीवर शॉर्टकट व्हायरस असेल तर तुमची फोल्डरं लपतात आणि त्याच नावाचे शॉर्टकट दिसतात. आपण फोल्डर समजून दोनदा क्लिक करतो आणि स्वतःच तो चालवतो. खूण म्हणजे चिन्हाच्या कोपऱ्यातला छोटा बाण. एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिचकी मारून ठेवा, म्हणजे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' पूर्ण दिसेल.

आता यूपीएस, कारण डेटा फक्त व्हायरसमुळे जात नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा वाहिन्यांतल्या बिघाडाने मुंबईसह ठाणे, नवी मुंबईचीही वीज गेली होती. त्या क्षणी टॅलीत नोंद साठवली जात असेल तर फाइल अर्धवट राहते. ६०० व्हीएचा यूपीएस तुमच्या पीसीला, मॉनिटरला आणि राउटरला दहाएक मिनिटं देतो, तेवढ्यात नीट शटडाऊन होतं. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, गरम होताना तो एकदम जास्त करंट ओढतो आणि यूपीएस ट्रिप होतो. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आपल्या उकाड्यात दोन-तीन वर्षांत उतरते. चाचणी घेताना प्लग उपटू नका, भिंतीवरचं बटण बंद करा, म्हणजे अर्थिंग तुटत नाही.

हार्डडिस्क जायच्या आधी बऱ्याचदा सांगते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम उघडून ०५ (खराब झाल्याने बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे तुकडे), सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. कच्चे आकडे शून्य असावेत. ०५ मध्ये थोडा आकडा असून महिनोन्‌महिने स्थिर असेल तर नुसतं लक्ष ठेवा. सी५ वाढतोय म्हणजे वाचता न येणारे सेक्टर साठतायत, त्याच दिवशी डेटा काढून घ्या. सी७ वाढला तर दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसतो, साटा केबलचा, म्हणजे डिस्क पीसीला जोडणाऱ्या वायरचा असतो. एसएसडीवर विसंबून राहू नका, तिथून पुसलेली फाइल 'ट्रिम'मुळे (पुसलेली जागा आपोआप साफ करणाऱ्या सोयीमुळे) सहसा परत मिळत नाही.

बहिणीकडची डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. पावसाळ्यात कनेक्टरवर गंज धरतो.

---

नेरूळ_सेक्टर

एक राहिलं. इतकं करूनही लागण झालीच तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं ते कागदावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवा, कारण त्यावेळी घरात तुम्ही असालच असं नाही.

फाइलींच्या नावापुढे अनोळखी शेपूट दिसलं, किंवा न विचारता 'विंडोज अपडेट'ची खिडकी आली आणि डिस्कचा दिवा सतत लुकलुकतोय (डीजेव्हीयू अशीच खोटी खिडकी दाखवतं), तर लॅनची वायर काढा, यूएसबी डिस्क काढा, पॉवर बटण दाबून धरा आणि पीसी बंद करा. पुन्हा चालू करू नका. बॅकअप डिस्क लावून 'काय वाचलंय' ते बघणं ही सगळ्यात महाग चूक आहे. डीजेव्हीयू टास्क शेड्युलरमध्ये काम लावून ठेवतं आणि दर काही मिनिटांनी पुन्हा चालतं. नवी डिस्क दिसली की तीही गेली.

डी ड्राइव्ह काढून बाजूला ठेवा, फॉरमॅट करू नका. खंडणीच्या चिठ्ठीतला आयडी 't1'ने संपत असेल तर किल्ली ऑफलाइन, म्हणजे अनेकांच्या फाइलींना एकच लागणाऱ्या, प्रकारची आहे. त्या प्रकारातल्या काही किल्ल्या सापडल्या आहेत, काही पुढे सापडू शकतात. 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर मोफत तपासता येतं. हे कुटुंब फाइलीचा फक्त पहिला सुमारे १५० केबी भाग कुलूपबंद करतं, त्यामुळे मोठे व्हिडिओ दुरुस्त होण्याची शक्यता असते, छोटे फोटो बहुधा नाहीत. पैसे भरू नका. 'शंभर टक्के उघडून देतो' म्हणणारे अनेकदा गुन्हेगारांनाच पैसे देऊन वर आपलं कमिशन लावतात.

विंडोज नव्याने टाकण्यासाठी दुसऱ्या पीसीवर ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून घ्या, सी ड्राइव्हची सगळी पार्टिशन पुसा. त्याच दरम्यान फोनवरून जीमेल, बँक वगैरेंचे पासवर्ड बदला आणि 'सगळीकडून लॉगआऊट' करा. डीजेव्हीयूसोबत बऱ्याचदा ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही येतो. बँकेतून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, नाहीतर सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार. सोसायटीचा डेटा आहे म्हणून तक्रारीचा क्रमांक सेक्रेटरींना लेखी कळवून ठेवा.

---

मानपाडा_ठाणे

दुसरी डिस्क आणि यूपीएस उद्या आणतो. स्कॅनमध्ये एक ॲक्टिव्हेटर सापडला, तो काढला. सी५ शून्य आहे, ०५ मध्ये ८ दाखवतंय.

---

वाशी_खाडीपूल

८ चालेल, आजची तारीख घालून लिहून ठेवा आणि दर रविवारी बॅकअपच्या आधी बघा. त्या ओळीतला आकडा नेहमीच्या दहाच्या पद्धतीत नसून हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर मोजलेला असतो. पुढच्या वेळी १० दिसलं तर ते १६ आहे, म्हणजे दुप्पट झालं. तसं झालं तर डी ड्राइव्हच बदला.