सुट्टीत मुलांना घराजवळच ठेवणं म्हणजे कंजूषपणा?

गच्चीवाली: काल एकांनी लिहिलं, "सुट्टीत पोरांना बाहेरगावी न नेणारे पालक कंजूष, 'घरीच मजा करतो' ही पळवाट." दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही कुठेच गेलो नाही. पैसे नव्हते, त्यात लपवायचं काय? रोज रात्री गच्चीवर सतरंजी टाकायची, दिवे बंद, तारे बघायचे. पहिली वीसेक मिनिटं पोरांची कुरकुर. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच. मग सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की नारिंगी स्वाती, त्याच्या पुढे चित्रा. स्वातीचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे ३७ वर्षं लागतात. माझं वय तेवढंच. "आई, तू जन्मलीस तेव्हा निघालेला उजेड आत्ता पोचला?" एवढं विचारून मुलगी कितीतरी वेळ गप्प पडून होती. कंजूष म्हणताना जरा विचार करा.

भटका: ते वाक्य माझंच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. सुट्टी संपली की वर्गात पहिला प्रश्न, "कुठे गेला होतास?" चौथीत मी न पाहिलेल्या समुद्राचं वर्णन करून सांगितलं होतं. पकडलो गेलो. तीस वर्षं झाली, अजून सलतं. तारे दाखवून ते भरून निघत नाही.

तिसरा मजला: उगाच ताणताय दोघं. मोठा टब पाण्याने भरून द्या. पोरं दोन तास रमतात, आपली कामं उरकतात. फुकट.

मावशी_२: "आपली कामं उरकतात"? अहो, लहान मूल काही इंच पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना ओरडत नाही. माझा दीड वर्षाचा भाचा बादलीत डोक्यावर पडला होता. मी दोन पावलांवर पाठमोरी होते. आवाज आलाच नाही. सहज वळले म्हणून पोर वाचलं. मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, मोबाईल आत ठेवून. खेळ संपला की टब रिकामा करून पालथा घालायचा.

तिसरा मजला: घाबरवू नका. आम्ही विहिरीत पोहायला शिकलो, कुणी राखण करत नव्हतं.

मावशी_२: जे वाचले तेच हे सांगायला उरलेत. माझ्याशी या विषयावर वाद घालू नका.

दोघांची आई: आणि हाताच्या अंतरावरचं ते माणूस कोण? आईच ना! मुंग्यांची रांग दाखवा, सावल्या मोजा, टबाशी बसा, सगळं "फुकट". माझे तास कुणी मोजतच नाही. सहलीला गेलं तर निदान चार दिवस स्वयंपाक तरी सुटतो. गच्चीवाल्या ताई, सतरंजी कोण झटकतं तुमच्याकडे?

गच्चीवाली: आता मुलगा झटकतो. पहिला महिना मीच करत होते, हे खरं. यांना सांगायला हवं होतं, नाही सांगितलं.

तिसरा मजला: टबाचं मान्य. आज समोर बसून राहिलो, कामं तशीच पडलीत. "फुकट" हा शब्द मागे घेतो. मावशींनी एवढं चिडायला नको होतं, हेही म्हणतो.

मावशी_२: टब पालथा घातलात का?

तिसरा मजला: घातला.

भटका: सहल हवीच, माझं मत तेच आहे. काल रात्री स्वाती शोधला. मुलाला माझ्याआधी दिसला.