प्रवासात भेटलेल्या अनोळखी गृहस्थांनी माझे आभार का मानले असतील?

प्रश्न : नवा मुक्काम

दारू सोडून मला आज ४७ दिवस झाले. आठ दिवसांपूर्वी कामानिमित्त एकटाच प्रवास करत असताना मधल्या एका स्थानकावर माझी गाडी चुकली आणि पुढच्या गाडीला पाच तास अवकाश होता. तिथे मला ओळखणारे कोणी नव्हते, घरी कळण्याची शक्यता नव्हती, आणि समोरच्या बारची पाटी प्रतीक्षालयाच्या खिडकीतून सारखी दिसत होती. माझा संयम बराचसा घरच्यांच्या नजरेच्या आधाराने उभा आहे, हे त्या रात्री मला प्रथमच कळले. मी बॅग उचलून उभा राहिलो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

शेजारच्या बाकावर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ हातात एक नाणे फिरवत बसले होते. ते चलनातले नव्हते. त्यावर वर्तुळात त्रिकोण होता आणि २२ हा आकडा होता. एक महिना पूर्ण झाल्यावर तशाच घडणीचे नाणे मला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभेत मिळाले होते, त्यामुळे माझ्या तोंडून "बावीस वर्षे?" एवढेच निघाले. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या बॅगेकडे पाहिले आणि विचारले, "तुमचे किती दिवस?" पुढचे तीन तास आम्ही बोलत बसलो. त्यांनी मला एकही उपदेश केला नाही. मोडलेल्या शपथा, शेवटचा प्याला, मुलीच्या लग्नात शुद्धीवर नसल्याची अजून न गेलेली लाज, असे सगळे ते स्वतःबद्दलच सांगत राहिले. त्यांची गाडी आली तेव्हा त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "धाकट्या भावाचे अंत्यसंस्कार उरकून निघालो आहे. आज तुम्ही भेटला नसता तर ही रात्र मला फार जड गेली असती. मी तुमचा आभारी आहे."

बावीस वर्षे टिकलेल्या माणसाने ३९ दिवसांच्या माणसाचे आभार मानावेत, ते केवळ सौजन्य होते का? आणि त्या भेटीने मिळालेले बळ आता ओसरू लागले आहे असे जाणवते. ते टिकवावे कसे? त्यांचा दूरध्वनी क्रमांक मी घेतला नाही, याची हुरहूर लागून राहिली आहे.

उत्तर १ : वाटसरू

ते सौजन्य नव्हते, असे मी माझ्या १४ वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. ज्या संघटनेचे नाणे तुम्ही पाहिले, तिचा जन्मच अशा एका प्रवासात झाला आहे.

१९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हे न्यूयॉर्कचे गृहस्थ एका कंपनीच्या व्यवहारासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात गेले होते. व्यवहार फसला, सोबतचे लोक परतले आणि ते एकटेच हॉटेलात राहिले. दारू सोडून त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. हॉटेलच्या दालनात एका बाजूला बारमधला गलबला होता आणि दुसऱ्या बाजूला दूरध्वनी होता. त्या आधीच्या महिन्यांत त्यांनी अनेक मद्यपींना सुधारण्याचा प्रयत्न केला होता आणि त्यांपैकी एकही सुधारला नव्हता. पण त्या धडपडीत ते स्वतः मात्र कोरडे राहिले होते, ही गोष्ट त्यांच्या पत्नी लोइस यांनी त्यांच्या लक्षात आणून दिली होती. म्हणून त्यांनी चर्चच्या यादीतले क्रमांक फिरवायला सुरुवात केली, ते दारूशी झगडणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी गाठण्यासाठी. त्यातून डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी भेट ठरली. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर सहा तासांहून अधिक वेळ बसले, कारण समोरचा माणूस त्यांना सुधारायला आलेला नव्हता, तर स्वतःच्या गरजेपोटी आलेला होता.

याच दृष्टीने तुमच्या भेटीकडे पाहा. भावाला निरोप देऊन आलेला तो माणूस हातात नाणे घेऊन उगाच बसला नसावा. त्या रात्री पाटी तुम्हाला दिसत होती, तशी त्यांनाही दिसत असणार.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्या भेटीनंतर डॉक्टर स्मिथ काही आठवडेच टिकले आणि एका वैद्यकीय परिषदेसाठी प्रवासाला गेले असताना पुन्हा घसरले. त्यांचा शेवटचा प्याला १० जून १९३५ चा, आणि तोच दिवस संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. एका भेटीचे बळ ओसरते, तसे त्यांचेही ओसरले होते, त्यामुळे यात तुमचे काही चुकले असे समजू नका.

उत्तर २ : सकाळची सभा

वाटसरू यांच्याशी मी सहमत आहे, पण माझी काळजी वेगळी आहे. पुढच्या वेळी बाकावर कोणी नसेल.

मी नऊ वर्षे दारूपासून दूर आहे आणि माझी नोकरी फिरतीची आहे. उपाशीपोटी, रागात, एकटेपणात किंवा थकव्यात तलफ जोर धरते, असे आमच्या सभांमध्ये नेहमी सांगतात, आणि चुकलेल्या गाडीने या चारही अवस्था एकदम येतात. त्यामुळे निघण्याआधीच मी मुक्कामाच्या ठिकाणची सभा शोधून ठेवते, तिथे नसेल तर ऑनलाइन सभेची वेळ लिहून घेते आणि दोन माणसांना माझ्या प्रवासाचे तास कळवते. समुद्रपर्यटनाच्या जहाजांवर 'बिल यांचे मित्र' या नावाने सभेची सूचना लावलेली असते. परक्या ठिकाणी आपली माणसे शोधण्यासाठी ही सांकेतिक ओळख पुरते.

तलफ आली की तिच्याशी भांडू नये. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट तिला लाटेची उपमा देत असत. ती चढते, शिखरावर जाते आणि न पिताही उतरते. तुम्ही तीन तास बोललात, पण खरी लाट बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच उतरून गेली असेल.

क्रमांक न घेतल्याची हुरहूर सोडा. तुमच्या सभेत ज्यांचे क्रमांक मिळू शकतात, त्यांपैकी किती जणांना तुम्ही आजवर फोन केला आहे?

उत्तर ३ : रात्रपाळीची परिचारिका

प्रवासापुरते दोन शब्द. डायसल्फिराम (दारू सोडण्यासाठीचे औषध, ज्यावर अल्कोहोल पोटात गेले की त्रास होतो) घेत असाल तर खोकल्याची काही औषधे आणि माउथवॉश यांत अल्कोहोल असते, त्यामुळे वेष्टनावरचे घटक वाचल्याशिवाय ती वापरू नका. आणि हे वाचून रोज पिणाऱ्या कोणाला आगामी प्रवासातच एकदम दारू सोडावी असे वाटले, तर त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. अचानक सोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतरच्या एकदोन दिवसांत भ्रमाची अवस्था जिवावर बेतू शकते.

नवा मुक्काम

तिघांचेही मनापासून आभार. फोनचा प्रश्न वाचून मी बराच वेळ गप्प बसलो, कारण उत्तर शून्य होते.

काल सभेत दारू सोडून चार दिवस झालेले एक गृहस्थ दाराजवळच्या खुर्चीत, चप्पल न काढता बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो आणि त्यांना प्रतीक्षालयातली ती रात्र सांगितली, बॅग उचलल्यासकट. पुढच्या गुरुवारी मला पुन्हा त्याच मार्गाने जायचे आहे आणि त्याच स्थानकावर गाडी बदलायची आहे. त्या वेळी ते मला फोन करणार आहेत.