सायकल रेसमध्ये 'नशीब' कधी म्हणायचं आणि 'फावलं' कधी?

आमच्या सायकल ग्रुपसाठी टोकियो ऑलिंपिकच्या बायकांच्या रोड रेसवर (जुलै २०२१) छोटं टिपण लिहितोय. ऑस्ट्रियाची ॲना कीझेनहोफर, गणितात पीएचडी, तेव्हा कुठल्याच प्रो टीमशी करार नाही, म्हणजे तशी हौशीच, आणि थेट गोल्ड! ग्रुपातला एकजण म्हणतो सरळ 'नशिबाने जिंकली' लिही. मला खटकतंय. पण 'डावपेचाने जिंकली' हेही पूर्ण खरं वाटत नाही. मधला काही शब्द आहे का?

---

नशीब म्हणायला काय हरकत आहे? ऑलिंपिकला टीमकडून निरोप मिळायला कानात रेडिओ नसतो, नेदरलँड्सच्या चौघी एकसे एक, त्यांनी शेवटच्या ५ किमीच्या आत पुढच्या दोघींना गाठलं आणि वाटलं झालं, सगळ्या हातात आल्या. अजून एक पुढे आहे हे ध्यानातच नाही. त्यांच्यातली फान फ्लूटेन तर दुसरी येऊनही जिंकल्यासारखे हात वर करून आली. आता हे नशीब नाही तर काय!

---

>>नशीब नाही तर काय>>

याला मराठीत फावणं म्हणतात की. मास्तर वर्गात नसले की पोरांचं फावतं, तसं मागच्या गाफील राहिल्या आणि हिचं फावलं. नशिबाला दुसरं माणूस लागत नाही, फावायला मात्र कोणीतरी बेसावध असावंच लागतं.

---

अर्थ बरोबर पण फावणंमध्ये जरा हिणकस छटा आहे ना? फुकटात मिळाल्यासारखी. ही बाई १३७ किमीच्या रेसमध्ये झेंडा पडल्या पडल्या सुटली, पाचजणींचा गट झाला, १० मिनिटांच्या वर अंतर गेलं, मग साधारण ४१ किमी बाकी असताना उरलेल्यांनाही सोडून एकटी निघाली आणि सव्वा मिनिटाने जिंकली. मी तरी 'संधी साधली' म्हणेन. साधायला आधी तिथे जाऊन बसावं लागतं.

---

लोकल रेस मारणाऱ्याचे दोन पैसे. आमच्या हौशी रेसमध्ये हे फावणं दर रविवारी चालतं कारण टीमच नसते, पुढचा वारा कापतो आणि मागचा त्याच्या आडोशाला निम्म्या दमात बसतो, मग एखादा सुटला की त्याच्यामागे कोण जाणार, प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघतो, तू ओढ मी ओढत नाही, आणि तेवढ्यात तो दिसेनासा. याला मी नशीब म्हणणार नाही, त्याने माणसं ओळखलेली असतात. पंक्चर हे नशीब (घासलेला टायर लावून आला असेल तर तेही नाही). पुढे पडापडी झाली आणि तू दमून मागे राहिला होतास म्हणून वाचलास, तर ते 'पथ्यावर पडलं'.

आणि गंमत बघा, मुंबई-पुणे रेसमध्ये बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, पण 'नशिबाने घाटाचा राजा झाला' असं कोणाच्या तोंडी मी तरी ऐकलं नाही. चढावर स्पीड कमी, त्यामुळे आडोशाचा उपयोग फारसा नाही, ज्याच्या पायात आहे तो वर. नशिबाची भाषा सुरू होते ती घाट संपून सपाटी लागली की. तिथे मागे बसून आलेले राजाला गाठतात, आणि मग राजा म्हणतो नशीब खराब, गाठणारे म्हणतात डोकं वापरलं :)

---

भारी! मग असं लिहू का? "मागच्यांचा गाफीलपणा तिच्या पथ्यावर पडला." की "तिला फावलं"?

---

पथ्यावर पडला चालेल, पण 'ती आधीच पुढे होती म्हणून' हे त्याच वाक्यात घाल, नाहीतर परत आयतं मिळाल्यासारखं वाटतं. आणि 'तिला फावलं' अजिबात नको. 'तिचं फावलं' म्हणजे संधी मिळाली, 'तिला फावलं' म्हणजे सवड झाली, मला फावलं तर येईन म्हणतो ना तसं. वाचणाऱ्याला वाटेल स्वित्झर्लंडमध्ये लोझानला गणितातलं संशोधन सांभाळून फावल्या वेळात गोल्ड घेऊन आली.

---

>>फावल्या वेळात गोल्ड>>

अहो पण तसंच झालंय की जवळजवळ!