मदत हवी आहे: १४ वर्षांखालच्या मुलींचा मुलांच्या संघाशी सराव कसा लावावा?

मैदान_सकाळी_६
नमस्कार मंडळी. नागपुरात रेशीमबागच्या बाजूला मुलींचा १४ वर्षांखालचा फुटबॉल संघ आहे. १६ जणी, बहुतेक १२-१३ वर्षांच्या. जानेवारीत स्पर्धा आहे. जवळपास मुलींचे संघ दोनच, त्यांचा खेळ आता पाठ झालाय. म्हणून मुलांच्या १४ वर्षांखालच्या संघाशी ११-११चे दोन सामने ठेवले. ०-७ आणि ०-९. आकड्याचं दुःख नाही, पण दुसऱ्या सामन्यात पोरींनी पास देणंच सोडलं. पायात बॉल आला की पुढे भिरकवायचा, आणि बचावफळी आपल्याच पेनल्टी बॉक्सला चिकटलेली. दोन पालक आता ‘मुलांशी नको’ म्हणताहेत. कोणत्या वयाची मुलं घ्यावी, मैदान केवढं, आणि आठवड्यातून किती वेळा?

लेफ्टबॅक_धंतोली
ताई, वय जुळवू नका, वेग जुळवा. मुलींची उंची झपाट्याने वाढते ती साधारण ११-१२व्या वर्षी, मुलांची १३-१४व्या. म्हणजे १४ वर्षांखालचे पोट्टे नेमके उसळीच्या तोंडावर असतात. तुमच्या पोरींसाठी ११-१२ची मुलं बघा. त्यातही आधी तपासा: ३० मीटरवर दोन कोन लावा, उभ्याने सुरुवात, प्रत्येकाच्या तीन धावा, मधली वेळ धरा. घड्याळ एकाच माणसाच्या हातात असू द्या, नाहीतर अंगठ्याचाच फरक मोजला जातो. दोन्ही संघांच्या सरासरीत पाव सेकंदापर्यंत फरक असेल तर खेळा. अर्धा सेकंद म्हणजे ३० मीटरला जवळपास ३ मीटर. तेवढं मागे पडणारी डिफेंडर घाबरून आधीच मागे सरकणार. तुमची फळी बॉक्सला चिकटली ती याच हिशोबाने. तिला ‘वर ये’ ओरडून काही होत नाही.

स्कोअर लिहूच नका. दर सत्राला एकच काम द्या. उदा. गोलकीपरकडून सुरू झालेला बॉल मधली रेषा पायाने, पासने ओलांडला की एक गुण. २० प्रयत्नांत किती वेळा जमलं ते वहीत लिहा. पुढच्या सामन्यात तोच आकडा बघा.

कामठी_नंबर_८
वरच्या मुद्द्यांशी सहमत. मैदानाबद्दल मात्र सावध करतो. वेग मारायचा म्हणून बरेच जण मैदान फार लहान करतात. लांब धावा कमी होतात हे खरं, पण धक्काबुक्की वाढते, आणि तिथे वजन जिंकतं. ७-७ साठी ५० बाय ३५ मीटर घ्या. माणशी १२५ चौरस मीटर होतात. १०० बाय ६४च्या मैदानावर ११-११ खेळलं की माणशी २९० पडतात. तुमचे दोन्ही सामने तिथेच सुटले. १० मिनिटांचे चार डाव, मध्ये ४ मिनिटं. प्रत्येक डावात दोघी बदला. स्लाइड टॅकल (घसरत जाऊन बॉल काढणं) बंद, खांद्याला खांदा चालू. तोही बंद केला तर स्पर्धेत पहिल्याच धक्क्याला पोरी थांबतील.

बॉल कोण आणतं तेही बघा. मुलांचा संघ बहुधा ५ नंबर आणेल. तुमच्या स्पर्धेत ४ नंबर असेल तर सरावालाही ४च. वजनात ६० ग्रॅमचा फरक आहे, लांब पासचं गणितच बदलतं.

मैदान_सकाळी_६
खूप आभार. मुलांना ‘दोनच स्पर्श’ असा नियम घालावा का? आणि कोणी म्हणतं त्यांना हळू खेळायला सांगा.

लेफ्टबॅक_धंतोली
हळू अजिबात नको. पोरींना बॉल हिसकायची चुकीची वेळ अंगवळणी पडते, आणि आपल्यावर दया होतेय हे त्यांना लगेच कळतं. दोन स्पर्शांचा नियमही उलटा पडतो. मुलं बॉल भराभर फिरवतात आणि टॅकलला समोर कोणी सापडतच नाही. तोल साधायचा तर पोरी आठ, मुलं सात. दोन डाव असे, मग सात-सात.

पालकांना मैदानावर बोलवा. लेखी संमती घ्या, एक बाई पूर्ण वेळ हजर हवी, कपडे बदलायची जागा वेगळी. हे आधी, सामना नंतर. आणि हेही सांगा: २०१७ मध्ये अमेरिकेचा महिला राष्ट्रीय संघ, तेव्हाचा विश्वविजेता, एफसी डॅलस क्लबच्या १५ वर्षांखालच्या मुलांशी सराव सामन्यात ५-२ हरला. २०१९चा विश्वचषक पुन्हा त्यांनीच जिंकला.

फिजिओ_सदर
गुडघ्याकडे लक्ष द्या. मुलींमध्ये एसीएल (गुडघ्याच्या आतला अस्थिबंध) फाटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, आणि बराचसा धक्क्याविना: उडीवरून उतरताना किंवा झटक्यात वळताना गुडघा आत झुकतो तेव्हा. वेगवान मुलामागे वळताना हेच घडतं. फिफाचा ‘११+ किड्स’ वॉर्म-अप १३ वर्षांपर्यंतच्यांसाठी आहे, त्यापुढच्यांना ‘११+’, सुमारे २० मिनिटांचा. आठवड्यातून दोनदा तरी, फक्त सामन्याच्या दिवशी नाही. उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आहे का ते समोर उभं राहून बघा, बाजूने दिसत नाही. आपली मैदानं मुरमाड, या दिवसांत कडक. लांब खिळ्यांचे बूट अडकतात. बुटके, जास्त खिळ्यांचे बरे.

कामठी_नंबर_८
किती वेळा ते राहिलं: दहा दिवसांतून एकदा. स्पर्धेच्या दोन आठवडे आधी पूर्ण बंद, तेव्हा फक्त मुलींशी. मुलांच्या वेगाची सवय लागली की डिफेंडर गरज नसताना चार पावलं मागे उभ्या राहतात आणि समोरच्या पोरीला बॉल आरामात वळवू देतात. तिला दीड मीटरवर गाठायचं, हे त्या दोन आठवड्यांत परत बसवावं लागतं.

मैदान_सकाळी_६
रविवारी ३० मीटरच्या वेळा घेते, दोन्ही संघांच्या. आकडे इथेच टाकीन.