मदत हवी आहे: कुत्रा एकाचा, शी कोणी उचलायची?

मंडळी, विषय घाणेरडा आहे, जेवत असाल तर नंतर वाचा.

इंदूरला राजेंद्रनगरात आम्ही तिघं भाड्याने राहतो. देवासच्या रूममेटने लॅब्रॅडोरचं पिल्लू आणलंय, चारेक महिन्यांचं, नाव बंडू. "सगळं मी बघीन" म्हणाला होता. बघतोही, पण ऑफिसला निघेपर्यंत आणि परत आल्यावर. मी घरून काम करतो, त्यामुळे मधला सगळा कारभार माझ्या गळ्यात. मीटिंग चालू असताना गॅलरीतून वास आला की कॅमेरा बंद करून सुपली आणि रद्दीचा पेपर घेऊन पळायचं.

पिल्लं खाल्ल्यावर पाव-अर्ध्या तासात शी करतात. हा साहेब निघता निघता वाडगा ठेवतो आणि बूट घालतो. सातलाच खायला घातलं तर त्याच्यासमोरच काम उरकेल, पण सातला उठणार कोण!

तिसरा खरगोनचा. त्याला शी बघूनच ओकारी येते, मात्र लाड सगळ्यात जास्त त्याचेच. रात्री गुपचूप दूध-पोळी चारतो. बंडूला दूध पचत नाही, सकाळी पातळ होतं. मग पेपरने काय उचलणार? फरशीच्या सांध्यांतून ब्रशने घासत बसा. वर म्हणतो, भांडीवाल्या ताईंना सांगू. मी साफ नाही म्हटलं, त्यांचं ते काम ठरलेलं नाही.

तसंच ठेवून देणंही बरं नाही. जंतांची अंडी ताज्या शीतून लगेच बाधत नाहीत, पण दोन-तीन आठवडे मातीत राहिली की बाधतात आणि मग महिनोन्‌महिने टिकतात. बंडूला घरमालकीण काकूंची तुळशीची कुंडी फार आवडते, यावरून काय ते समजा. जंताचं औषध दर महिन्याला चालू आहे, ते देवासकर न चुकता देतो, हे कबूल. पण २०१७ पासून स्वच्छतेत नाव काढलेल्या शहरात आमची गॅलरी बघवत नाही.

देवासकर म्हणतो, तुझ्या भाड्यातले पाचशे मी भरतो. मला नकोत. पैसे घेतले की ती कायमची माझीच ड्यूटी. मी सुचवलं, जो खायला घालेल त्यानेच उचलायचं. दूध-पोळीवाला तरी सुधारेल. पण दुपारचं खाणं मीच घालतो, म्हणजे पुन्हा मीच अडकलो.

कुत्रा पाळलेल्या फ्लॅटमध्ये राहिलेल्यांनी सांगा, तुमच्यात काय ठरलं होतं? दुपारची पाळी मालकाच्या गळ्यात कशी घालायची? "कुत्रा परत द्या" एवढं मात्र सांगू नका, बंडू कुठेही जाणार नाही.