चुझेंजी तलाव एका दिवसात होईल का? आज रात्रीपर्यंत ठरवायचंय

सायली_कोथरूड:
घाईत लिहितेय. टोकियोहून चुझेंजी तलाव बघून त्याच दिवशी परत येता येतं का? व्हिडिओवाले सगळे 'आरामात होतं' म्हणतात, ओळखीचा एजंट म्हणतो एक रात्र राहाच. कोणाचं ऐकू?

भटका_नंदू:
कधी जाणार? कोण कोण आहात? पास कुठला? एवढं तरी सांगा.

सायली_कोथरूड:
ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. आम्ही तिघं. जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा, काढून झालाय.

फुजीप्रेमी:
ताई, तलावच बघायचा तर कावागुचीकोला जा. पाण्यात फुजीचं प्रतिबिंब, आणखी काय हवं? चुझेंजीवरून फुजीचं असं दर्शन नाही.

भटका_नंदू:
त्यांनी चुझेंजी विचारलंय. आणि फुजी दिवस दिवस ढगात असतो, आम्ही दोन दिवस बसून एकदाही दिसला नाही.

फुजीप्रेमी:
तुम्ही जुलैत गेला असाल. ऑक्टोबरअखेर हवा स्वच्छ असते, पहाटे उठा, दिसतोच.

उत्सुनोमियाकर:
इथे सात वर्षं राहतोय म्हणून सांगतो. जेआर पासवर शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, उत्सुनोमिया, तिथून जेआर निक्को लाइनने तलावाखालच्या निक्को गावी. टोकियोतल्या असाकुसाहून थेट येणारी तोबू या खासगी रेल्वेची गाडी या पासवर चालत नाही. निक्कोहून वर बस, तिचं तिकीट वेगळं. एरवी पन्नास मिनिटं लागतात, पण तुम्ही नेमका पानं लाल होण्याचा शनिवार धरलाय. त्या दिवशी घाटात दोन-तीन तास सहज जातात.

सायली_कोथरूड:
घाट आहे? हे कोणीच बोललं नव्हतं. आईला गाडी लागते. ६८ वर्षांची आहे, गुडघेही दुखतात.

उत्सुनोमियाकर:
इरोहाझाका म्हणतात त्याला. ४८ वळणं, जुन्या 'इरोहा' वर्णमालेतल्या अक्षरांइतकी, आणि प्रत्येक वळणावर एकेका अक्षराची पाटी. चढायचा रस्ता वेगळा, त्यावर २०. उतरायचा वेगळा, त्यावर २८, आणि ती जास्त आवळलेली. म्हणजे आईंना त्रास झाला तर उतरताना होईल. परतीच्या आधी भरपेट जेवण नको, जागा पुढची धरा.

घरचा_डबा:
जेवणावरून आठवलं, शाकाहारी असाल तर जपून. साध्या दिसणाऱ्या सुपातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. निक्कोचा युबा, म्हणजे सोयाबीनच्या दुधाची साय, छान असते, पण रस्सा कशाचा ते विचारा. ठेपले न्या.

सायली_कोथरूड:
आम्ही मासे खातो हो. घाटाचं सांगा.

मीनल_नाशिक:
आईंना हे सगळं झेपणार आहे का? त्यापेक्षा हाकोनेचा आशी तलाव करा. बोट, रोपवे, सगळं बसून.

सायली_कोथरूड:
चुझेंजीच हवाय. आईच्या बँकेत पूर्वी एक कॅलेंडर होतं, वर तलाव आणि त्याखाली कोसळणारा धबधबा, एकाच चित्रात. ती अजून त्याबद्दल बोलते.

उत्सुनोमियाकर:
हे आधी सांगायला हवं होतं! ते दृश्य तलावाच्या काठावरून दिसत नाही. आकेचिदाइरा थांब्यावर उतरून रोपवेने वर गेलात की चुझेंजी आणि ९७ मीटरचा केगोन धबधबा एकत्र दिसतो, मागे नानताई डोंगर. त्याच ज्वालामुखीच्या लाव्हाने नदी अडून हा तलाव झालाय. आणि नीट लक्षात ठेवा, आकेचिदाइरा फक्त चढायच्या रस्त्यावर आहे. बस तलावापर्यंत गेली की परतीच्या वाटेत तो थांबा लागत नाही.

भटका_नंदू:
अगदी बरोबर. आम्ही 'येताना बघू' म्हटलं आणि हुकलं. आजही हळहळ वाटते.

उत्सुनोमियाकर:
जमलं तर शुक्रवारी या, पहिल्या बसपैकी एक धरा, आकेचिदाइराला उतरा, रात्र तलावाकाठी काढा. शनिवारी सकाळी लवकर खाली, तेव्हा गर्दी उलट दिशेने वर येत असते. स्वेटर घ्या, तलाव १,२६९ मीटरवर आहे. केगोनला खाली जायची लिफ्ट आहे, पण पुढे पायऱ्या आहेत. गुडघ्यांसाठी वरचा फुकट कठडा पुरे.

फुजीप्रेमी:
कावागुचीकोला घाटच नाही, एवढंच म्हणतो.

सायली_कोथरूड:
शुक्रवार केला. आईला फोन करून 'कॅलेंडरवालं' एवढंच सांगितलं, तर तिने लगेच विचारलं, धबधब्यात पाणी असेल ना त्या दिवसांत?