प्रति: व्हेपिंग आणि व्यक्तिस्वातंत्र्य

प्रौढ माणसाने काय ओढावे हा त्याचा खासगी प्रश्न आहे, हा व्हेपिंगच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा मला अर्धाच पटतो. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटचे, म्हणजेच व्हेपचे, उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी घातली. ओढणे हा मात्र त्यात स्वतंत्र गुन्हा नाही, त्यामुळे खरा वाद विक्रीचा आहे. आमच्या लातूरकडे पारावर तळहातावर तंबाखू-चुना मळून चिमूट पुढे केली तर तो पाहुणचार ठरतो, पण शिकवणीला जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात व्हेप सापडले की ‘पोरगं हातचं गेलं’ म्हणून घरात रडारड होते. ही नापसंती आरोग्याच्या काळजीपेक्षा नवेपणाच्या धास्तीतून अधिक येते. तरीही विक्री खुली करावी असे मी म्हणणार नाही, कारण निकोटीनची सवय कोवळ्या वयातच जडली तर पुढे निवड कसली? राहता राहिली अंमलबजावणी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी टपरीवर मिळतेच.